छबुबाईच्या घरात नसलेली खुर्ची

छबुबाईच्या घरी कधी काही नसायचंच. तलवाड्यातल्या तिच्या आळीत हे सगळ्यांना पाठ होतं. शेजारणीनं मापटं मागितलं की ते लेकीकडं गेलेलं असायचं. विरजणाला चमचाभर दही मागितलं की नेमकं मांजरानं तोंड घातलेलं असायचं, आणि कढई मागितली तर ती फुटलेली, मग लोखंडाची का असेना. बाई कंजूष मात्र नव्हती. दारी आलेल्याला भाकरी चुकायची नाही. पण वस्तू उंबऱ्याबाहेर गेली की परत येत नाही, आणि आलीच तर बदलून येते, हे तिनं मनाशी पक्कं धरलं होतं. दूधवाला, कंडक्टर, देवळातला गुरव, कुणीही तिच्या संशयातून सुटला नव्हता. नवरा त्रिंबक म्हणायचा, "ही यमाला बी आधार कार्ड मागंल." शेवटी यम आला तो त्रिंबकलाच घेऊन गेला.

सून रोहिणी नर्स. दोन वर्षांपासून ती इस्राएलात एका म्हाताऱ्या ज्यू बाईची देखभाल करत होती. म्हातारीचं नाव मिल्काबाई. जन्म रेवदंड्याचा, त्यामुळं मराठी अजून कोकणातली. दर शुक्रवारी रोहिणी व्हिडिओ कॉल लावायची, कारण तिकडं दिवस बुडाला की त्यांचा शब्बाथ, म्हणजे आठवड्याचा विसाव्याचा दिवस, लागायचा आणि शनिवारभर म्हातारीच्या घरात फोन चालायचा नाही. छबुबाईला तिथंही काहीतरी पाणी मुरतंय असं वाटायचं. फोन बंद ठेवावा असं शनिवारी चालतं तरी काय? सुनेला बाटवत तर नसतील? त्यात म्हातारी बोलायला गोड, म्हणजे संशय दुप्पट. मिल्काबाई त्यांच्या तोरातला, म्हणजे धर्मग्रंथातला, त्या आठवड्याचा भाग गोष्टीसारखा सांगायची, आणि छबुबाई तो ऐकता ऐकता सुनेच्या गळ्यात मंगळसूत्र आहे का ते बघायची.

या एप्रिलात माजघराच्या भिंतीला लोणा धरला. पोपडे पडून भला मोठा डाग उठला. पुण्याहून सुट्टीवर आलेला पवन, छबुबाईचा लेक, म्हणाला, "आई, उद्या शनवारी गवंडी येणार हाय. समदं सामान अंगनात काढू."

माजघरात कणगीमागं, गोधडीत बांधून, त्रिंबकची चाकाची खुर्ची ठेवलेली होती. मागच्या साली शेजारच्या जाईबाईचा नवरा बन्सी खुब्याचं हाड मोडून पडला, तेव्हा जाईबाई दारात आली होती. "आक्का, मालकाची खुर्ची आसली तर द्या जरा." छबुबाईनं तोंड वर करून सांगितलं होतं, "दवाखान्याला देऊन टाकली." पवनला आणि रोहिणीलाही तिनं तेच सांगितलं होतं. तेव्हापासून जाईबाई रोज सकाळी बन्सीला कवेत धरून उन्हात आणायची. आता ती खुर्ची अख्ख्या आळीसमोर अंगणात येणार होती.

त्याच शुक्रवारी कॉल आला. मिल्काबाई म्हणाली, "आज घराची गोष्ट आहे गो, छबुबाय. घराच्या भिंतीवर डाग उठतो. मग कोहेन, म्हणजे आमचा पुजारी, बघायला येतो. तो यायच्या आधी घर रिकामं करायचं. आमचे जुने शहाणे सांगत, जो शेजाऱ्याला 'माझ्याकडे नाही' सांगत आला, त्याचं सगळं त्या दिवशी उघड्यावर पडतं. देव पण दयाळू बघ. डाग आधी भिंतीला देतो. माणूस नाही सुधारला तर कपड्याला. कातडीला अगदी शेवटी."

चोराच्या मनात चांदणं. छबुबाईचे कान तापले. भिंतीचं पवननं बायकोला सांगितलं असणार, आणि बायकोनं त्या म्हातारीला. दोघी मिळून आपल्याला शिकवायला बसल्यात.

"रोहिनी, तूच सांगितलंस न्हवं हिला?"

"काय, आत्याबाई?"

"खुर्चीचं."

"कोन्ची खुर्ची?" रोहिणीला काही कळेना. मग तिचा चेहरा हळूहळू बदलला. "मामांची? ती तर दवाखान्यात दिलीय न्हवं?"

"अगो, ही गोष्ट मी नाय निवडली," मिल्काबाई म्हणाली. "ह्या आठवड्याचा भागच हा. जगभर आमची माणसं उद्या हेच वाचणार. माझा आजा रेवदंड्यात ह्याच दिवसांत हेच वाचायचा."

दिवाबत्तीची वेळ झाली असं सांगून छबुबाईनं फोन ठेवला. तिला सुनेचा राग आला होता, पण तो धरायला जागाच उरली नव्हती. कुणीच काही सांगितलं नव्हतं. सांगितलं ते तिनंच.

सकाळी गवंडी यायच्या आधी तिनं खुर्ची बाहेर ओढली. परसातल्या कडब्याच्या गंजीत दडवायची, एवढाच बेत होता. ढकलत निघाली. मध्येच कुडापलीकडं बन्सीचं कण्हणं ऐकू आलं आणि तिचे पाय थांबले. डाग भिंतीवर आहे तोवर बरं, असं काहीतरी तिच्या मनात आलं. चरफडत तिनं खुर्ची वळवली.

जाईबाई दारातच होती. छबुबाईनं वाटेत जुळवलेलं वाक्य म्हटलं, "सापडली बघ. कनगीमागं पडलती."

जाईबाईनं पदरानं बैठक पुसली. "आक्का, तितंच हुती की ती. मालक गेले तवा गोधडीत बांधू लागायला मीच आलते. तुमी रडत हुतात, तुमच्या ध्यानात न्हाई."

छबुबाईला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "मग मागल्या साली बोललीस कावून न्हाई?"

"तुमी न्हाई म्हनलात. त्याच्यावर म्या काय बोलावं?" जाईबाई आत वळली. "उभ्या नका ऱ्हाऊ. ह्यांच्या एका बगलंत हात घाला."

दोघींनी बन्सीला उचललं. त्याचा अर्धा भार अंगावर आला तशी छबुबाईची कंबर वाकली. दुसरा अर्धा जाईबाईच्या खांद्यावर होता. वर्षभर तिनं हा पुरा एकटीनं उचलला होता.