मोंडफोगेल आणि झटकलेली चादर

केतकीचा फोन आला. "शनिवारी हॅनोव्हरला ये. पतंग दाखवते. आईपण आहे." तिसरं वाक्य ऐकून शहाण्या माणसाने फोन ठेवला असता. मी तिकीट काढलं.

केतकी तिथे पतंगांवर, म्हणजे रात्री दिव्यावर झेपावणाऱ्या कीटकांवर, पीएचडी करते. मी ड्रेस्डेनला मास्टर्स करत होतो, ते प्रोफेसरशी भांडून अर्ध्यात सोडलं. हल्ली मुक्काम बॉबलिंगेनला, दादाच्या सोफ्यावर. केतकीची आई, म्हणजे काकू, पुण्याहून महिनाभरासाठी आलेली. "आईने विचारलं तर थीसिस लिहितोय म्हण," केतकीने बजावलं होतं. "खरं काय ते मी सांगेन, माझ्या वेळेने. तू गप्प बस." गप्प बसणं मला आजवर जमलेलं नाही, हे तिला माहीत होतं.

जाणाऱ्यांसाठी: वीकेंड तिकिटावर पाच जण जाऊ शकतात, म्हणून फलाटावर बिनधास्त भागीदार शोधा. मला सायकलवाले दोन आजोबा मिळाले. फास्ट गाड्या चालत नाहीत, त्यामुळे अख्खा दिवस गाड्या बदलण्यात जातो. वुर्झबुर्गला गाडी चुकली, मी फलाटावर यथेच्छ शिव्या दिल्या, आणि मराठीचं अक्षरही न कळणारे आजोबा मान डोलावून "गेनाऊ, गेनाऊ", म्हणजे अगदी बरोबर, म्हणत राहिले.

हॅनोव्हरच्या उत्तरेला केतकीच्या कारने तासाभरावर हायडं आहे, म्हणजे माळरान. ऑगस्टमध्ये ते जांभळं होतं म्हणतात. जूनमध्ये नुसतं तपकिरी, आणि अधूनमधून बर्चची पांढरी झाडं. रविवारी दुकानं बंद असतात, पाणी आदल्या दिवशीच घ्या. शनिवारी रात्री आम्ही तिघं तिथे पोचलो. केतकीने दोन झाडांमध्ये पांढरी चादर बांधली, दिवा लावला, आणि मी डासांना शरण जाऊन कारमध्ये झोपलो.

सकाळी ती डब्या आणायला गाडीकडे गेली. चादरीवर बर्चच्या काड्या अडकल्या होत्या. काकूंवर छाप पाडायची हीच वेळ. मी चादर सोडली, काकूंनी आपणहून दुसरं टोक धरलं, आणि घडी घालण्याआधी आम्ही दोघांनी ती दणदणीत झटकली.

"किती कचरा बाई," काकू म्हणाल्या.

केतकी आली आणि जागीच थांबली. "तो कचरा नव्हता."

त्या पतंगाला मोंडफोगेल म्हणतात, चंद्रपक्षी. रात्री उडतो आणि दिवसभर मोडकी काडी होऊन बसतो. पंख अंगाभोवती गुंडाळलेले, रंग बर्चच्या सालीचा. डोक्याशी आणि पंखांच्या टोकाशी पिवळट ठिपका, जणू काडी आत्ताच मोडलीय. पाडला तर मेल्यासारखा पडून राहतो. तिला त्यांचे फोटो हवे होते, आणि आम्ही ते खऱ्या काड्यांच्या ढिगात फेकले होते.

तिघंही गुडघ्यांवर आलो. मी एक उचलला.

"काडी आहे."

दुसरा उचलला.

"हीपण काडी."

माझं डोकं तापत होतं. तेवढ्यात शेजारून काकू, "काय रे, थीसिस कशावर आहे तुझा?"

"थीसिस-बिसिस काही नाही, काकू. कॉलेज सोडलंय मी. आणि मला केतकी आवडते."

केतकीने वर पाहिलंच नाही. काकू शांतपणे म्हणाल्या, "पहिलं माहीत नव्हतं." मग, "पाय उचल. तुझ्या बुटापाशी काडी हलतेय."

तो खरोखरच मोंडफोगेल होता. केतकीने तो डबीत घेतला, काकूंच्या हातून.

स्टेशनवर सोडायला दोघी आल्या. फलाटावर केतकी म्हणाली, "खरं बोललास म्हणून शहाणा झालास का? आई माझी आहे. तिला सांगणं माझं काम होतं." गाडीचं दार लागता लागता काकूंनी हातात थालीपिठांचा डबा कोंबला. लसणीच्या चटणीमुळे माझ्या बाकावर पार घरापर्यंत कुणी बसलं नाही.

ट्रिप वर्थ आहे का? पतंगासाठी नक्की. अजूनही फुटपाथवर काडी दिसली की मी वळसा घालून जातो. केतकीचा तेवढा राग गेलेला नाही. बुधवारी तिचा एसएमएस आला: "आई म्हणतेय, डबा स्टीलचा आहे. पोस्टाने पाठवू नकोस." तिचं स्वतःचं त्यात एक अक्षर नाही.

रिकामा डबा परत देत नाहीत, एवढं कॉलेज सोडलेल्यालाही कळतं. रवा इथे ग्रीस नावाने कुठल्याही दुकानात मिळतो. लाडवांसाठी भाजलेला पहिला रवा करपला. दुसरा भाजतोय.