बोहनीचं लॉक

“लॉक उलटं बसलं असंल तर हे दोन्ही हात मनगटापासून तोडून टाका!” धोंडप्पांनी हात पुढं केले ते थेट बसवंताच्या न्याहारीच्या ताटावर. त्यानं ताट मागं ओढलं.

“तुमचे हात तोडून निवृत्तीचा पाय जुळतो का, अप्पा?”

“त्याची चेन जुनी होती. तुटली. मी कवाच म्हणलो होतो त्याला, बाबा, चेन बदल.”

“तुटली न्हाई. गाडी दारात उभी हाय, जाऊन बघा. चेन अख्खी हाय, लॉक तेवढं गायब. तुम्हाला दिसत न्हाई, कबूल करा की एकदा.”

“तुला काय कळतंय त्यातलं? तू हैद्राबादहून माल आणायचा न् गल्ल्यावर बसायचं. एक सांग मला. लॉक निघालं म्हणून आजवर एक तरी गाडी आपल्या दारात परत आली का? एक तरी?”

बसवंतानं भाकरीचा तुकडा मोडला. खरंच आली नव्हती.

“आता का दातखीळ बसली?” दाराशी बसलेल्या गंगम्मांनी लेकाला टोचलं. “जा, चौकात जाऊन सांग, माझा बाप आंधळा झालाय म्हणून.”

चुलीपुढं बसवंताची बायको जगदेवी भाकरी थापत होती. एकही गाडी परत का आली नाही, हे या घरात तिला एकटीला माहीत होतं. तिनं भाकरी तव्यावर टाकली, वरून पाण्याचा हात फिरवला. परवा टेम्पोतून निवृत्तीची मोडकी गाडी दारात उतरवली, तेव्हापासून तिला काही वाटेनासं झालं होतं. रडू नाही, भीती नाही. भूक लागली की जेवायचं, एवढंच.

ती बिलोलीहून या घरात आली तेव्हा पुढच्या खोलीत भाड्याच्या सायकलींचं दुकान होतं. लातूर जिल्हा झाला, कचेऱ्या आल्या, कचेऱ्यांमागं साहेब आणि कारकून आले, आणि सायकलींच्या जागी मोटारसायकली दारात थांबू लागल्या. धोंडप्पांनी सायकली विकल्या, चेन आणि लॉकं ठेवली. बसवंत मालाला गेला की दुकानात दुसरं माणूस नसायचं, म्हणून जगदेवी पदर खोचून बाहेर यायची. बघता बघता शिकली.

चेनचं लॉक म्हणजे दोन खिळ्यांची एक कडी. त्या कडीनं चेनची दोन टोकं जोडायची, वर पट्टी बसवायची, आणि पट्टी निसटू नये म्हणून खिळ्यांच्या खाचांत एक बारीक क्लिप सरकवायची. ती माशासारखी दिसते म्हणून बाकीचे मिस्त्री तिला मासा म्हणत. गंगम्मांनी तो शब्द घरात येऊ दिला नाही. “देवघर हाय घरात. पान म्हणा,” म्हणाल्या. तेव्हापासून या घरात ते पान. पानाचं बंद टोक चेन धावते त्या दिशेला हवं, फाटलेलं टोक मागं. उलटं बसलं की वाटेत खडा, काटा काही घासलं तरी पान उचकटून जातं, मागोमाग पट्टी जाते, आणि सुटलेली चेन मागच्या चाकात गुंडाळून चाक जागीच धरते.

धोंडप्पांना साखरेचा आजार. एकदा त्यांनी उकळत्या चहाचा पेला मुठीत घट्ट धरला आणि तसेच बोलत बसले. जगदेवीनं पेला काढून घेतला तर तळवा लालबुंद. “भाजलं न्हाई का, मामा?” “न्हाई बा.” त्या दिवशी तिला कळलं, म्हाताऱ्याची बोटं बधिर झालीत. डोळ्यांवर मोतीबिंदूचा सारा आलेलाच होता.

कडी निवडण्यात मात्र ते चुकत नव्हते. जाड चेनची, बारीक चेनची, झिजलेल्या चेनला चालेल ती, सगळ्या कड्या ते खालच्या ओठावर टेकवून ओळखायचे. ओठ अजून शाबूत होते. गिऱ्हाइकांना वाटायचं, अप्पा कडीवर मंत्र म्हणतात. तसा बोलबालाच झाला. सकाळी पूजा आटोपून, कपाळावर भस्माची इबीत लावून धोंडप्पा बाहेर आले की पहिल्या गाडीचं लॉक त्यांच्याच हातचं. बोहनीला अप्पांचा हातगुण हवा, म्हणून माणसं शटर उघडायच्या आधी येऊन थांबायची. त्या पहिल्या लॉकला दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही, असा घरातला दंडकच होता.

जगदेवी हात लावायची. धोंडप्पा हात धुवायला आत वळले, गिऱ्हाईक पैसे द्यायला गल्ल्याकडं गेलं, की ती सडा टाकायला तांब्या घेऊन बाहेर पडायची. गाडीपाशी वाकायची. पान उलटं असलं तर काढून सुलटं लावायची, पुरतं सरकलेलं नसलं तर पकडीनं दाबायची. टक्क आवाज आला की सडा टाकून परत चुलीपाशी. यंदा दुष्काळ. प्यायलाच पाणी नाही तर सडा कुठला? मग ती झाडू घेऊन जाऊ लागली.

निवृत्ती आला त्या सकाळी ती झाडू घेऊन उंबऱ्यापर्यंत आली होती. तेवढ्यात गल्लीच्या तोंडाशी टँकरचा भोंगा वाजला. सगळ्या बायका घागरी घेऊन पळाल्या. तीही पळाली. नंबर लागून दोन घागरी भरून आली तोवर निवृत्ती रेणापूरच्या वाटेला लागला होता. तोही टँकरच्याच कामाला निघालेला, ग्रामसेवक होता.

“अप्पा हायती का घरात?”

बाहेरून आवाज आला तशी भांडणं थांबली. उंबऱ्याशी निवृत्तीची आई उभी होती. सरजाबाई. नवरा मेल्यावर रोजगार हमीवर खडी फोडून तिनं या लेकाला शिकवलं होतं.

“जयभीम, अप्पा.”

“शरण, शरण. या, बसा.” धोंडप्पांचा आवाज खाली आला. “कसा हाय पोरगा?”

“दवाखान्यात हाय. पाय वर टांगलाय. डॉक्टर म्हणतेत, चालंल, पण लंगडंल.” ती पायरीवर बसली. जगदेवीनं तांब्या दिला. तिनं निम्मंच पाणी पिऊन तांब्या परत केला. “ठिवा बाई, लई झालं. पाण्याची काय दशा हाय, मला म्हाईत न्हाई का?”

तिनं पदरानं तोंड पुसलं. मग म्हणाली, “गाडी न्यायला दुपारी जावई येतो. चेन जोडून ठिवा. निवृत्तीनं सांगितलंय, अप्पाच्याच हातानं लावून घे. त्यांचा हातगुण हाय. त्योच गाडी जोरात पळवत होता, अप्पा. मी लाख सांगते, हळू चालव, पर ऐकतो कुठं?”

धोंडप्पांनी लेकाकडं पाहिलं. ऐकलंस ना, असं ते पाहणं होतं. उठले, कपाळावर इबीत ओढली, पकड घेतली आणि गाडीपाशी पाटावर जाऊन बसले. एक कडी ओठाला टेकवली, ठेवून दिली. दुसरी टेकवली, ती घेतली. बरोबर घेतली. बसवंतानं चेनची टोकं धरली. धोंडप्पांनी खिळे घातले, पट्टी बसवली, पान सरकवलं.

“हं. फिरव चाक.”

बसवंतानं चाक फिरवलं. चेन फिरू लागली. “झकास,” तो नाइलाजानं म्हणाला. सरजाबाईनं हात जोडले.

जगदेवीला दारातूनच दिसलं. फाटलेलं टोक पुढं.

ती पायरी उतरली. सासऱ्याच्या हातातली पकड तिनं काढून घेतली. त्यांना पकड गेलेली लगेच कळलीसुद्धा नाही, मूठ तशीच राहिली. ती खाली बसली, चाक थांबवलं, पान काढलं, फिरवलं, सरकवून दाबलं. टक्क.

“अगं, काय करायलीस?” गंगम्मा ओरडल्या. “बोहनी हाय! बाईमाणसाचा हात!”

“उलटं होतं, आत्याबाई.”

बसवंत वाकून पानाकडं बघत राहिला. मग बायकोच्या हाताकडं. तो हात एवढा सराईत कसा, हे त्याला उमगायला वेळ लागला. धोंडप्पांना तेवढा लागला नाही.

“ह्या आधीबी?” त्यांनी विचारलं.

“हाव.”

“निवृत्तीच्या टायमाला?”

“टँकर आला होता, मामा.”

धोंडप्पा पाटावरून उठले नाहीत. सरजाबाई एकेकाच्या तोंडाकडं बघत होती. तिला कळलं नाही, की कळूनही काही बोलावंसं वाटलं नाही, कुणास ठाऊक. तिनं पदर डोक्यावर घेतला. “पोरगा वाट बघंल,” म्हणाली आणि रस्त्याला लागली.

आत तव्यावरची भाकरी करपल्याचा वास येत होता. जगदेवीनं जाऊन ती उतरवली, हात धुतले. मग मधल्या दारात उभी राहिली. तिथून दुकान आणि घर दोन्हीकडं ऐकू जायचं.

“उद्यापासून बोहनीचं लॉक मी लावणार,” ती म्हणाली. “कडी मामा निवडतील. मी सकाळी दुकानात असंन, तर भाकरी आत्याबाईंनी थापायच्या. आज दवाखान्यात मी आन् हे जाऊन येतो, सगळं सांगून येतो. दुपारचं जेवण उशिरा हाय.”