मिस्त्रींचा गृहपाठ

मिस्त्रींच्या उजव्या कानावर पेन्सिल नाही, असं मी कधी पाहिलं नाही. सुताराची, चपटी, लाल. लग्नात अक्षता टाकतानाही ती तिथंच, आणि पालकसभेत तर ती माझ्यावर रोखलेली असायची. माणूस खोडाळ्याजवळच्या पाड्यावरचा, शिक्षण पाचवीपर्यंत. भात-नागली घरात आली की बायकोला घेऊन ठाण्याकडं सेंट्रिंगच्या, स्लॅबखाली फळ्या ठोकायच्या कामाला जायचा, तो मधे सणावारालाच दिसायचा.

जगातली प्रत्येक गोष्ट ते सुतात मोजत. इंचाचा आठवा भाग म्हणजे सूत. भाजीत मीठ सूतभर जास्त, जीप दोन सूत उशिरा. आणि माझ्याबद्दल, "गुरुजी हुशार हायेत, पण सूतभर घाई करतात." हे मला पाड्यावरच्या लोकांनी सांगितलं, आनंदानं.

घाई खरीच. पंधरा ऑगस्टला मी स्पीकर मोबाइलला जोडून दाखवला आणि तेवढ्या पराक्रमावर हेडमास्तरांनी मला ऑनलाइन गणिताचा प्रमुख केलं. रोज मोबाइलवर वीस गणितं. बरोबर सोडवली तर मुलाचं नाव हिरवं, नाही तर लाल. लाल नावांसाठी मी पालकांच्या ग्रुपवर मेसेज धाडायचो, शेवटी हात जोडल्याचं चित्र टाकून. पालकसभेत एक आई उभी राहिली. "वहीत दिलं तर पोर चुलीपाशी बसून करतं. तुमच्या ह्याच्यापायी मी रोज त्याला घेऊन खिंडीत उभी ऱ्हाते, रेंजसाठी. भाकऱ्या तुम्ही थापणार का?" मी बदलत्या जगावर पंधरा मिनिटं बोललो. मग प्रात्यक्षिक दाखवायला गेलो, तर माझ्याच फोनवर चक्र गरागरा फिरत बसलं. "सर, खिंडीत चला," मागून कोणीतरी म्हणालं.

मिस्त्रींची सुनीता सहावीत. आईबाप कामावर गेले की ती आजीपाशी राहायची. दिवाळीनंतर तिचं नाव हिरवं झालं ते हिरवंच. शाळेत पहिली! वर्गात मात्र साध्या अपूर्णांकाला अडायची. "घरी येतं, मग इथं काय होतं? आळस!" म्हणत मी तिला दोनदा उभं केलं. ती खाली बघत उभी राहिली. माझ्या डोक्यात तरीही प्रकाश पडला नाही. उलट सव्वीस जानेवारीला तिला कंपासपेटी दिली, आणि जव्हारच्या निवासी शाळेसाठी आमच्याकडून एकच नाव जायचं होतं, ते तिचं लिहिलं.

बोहाड्याला, सोंगांच्या उत्सवाला, मिस्त्री गावी आले, ते थेट शाळेत.

"गुरुजी, पोरीचं नाव काढा."

"अहो, शाळेत पहिली आहे ती!"

"पहिला मी हाय."

मला काही कळेना. तेव्हा त्यांनी सांगितलं, "घरात फोन एकच, तो माझ्याजवळ. पोर इथं. तुमचा मेसेज यायचा, नाव लाल झालं म्हणून. मग काम सुटलं की स्लॅबवर बसून मीच सोडवायचो. आधी समदं चुकायचं. मग म्हटलं, तीन छेद आठ म्हणजे इंचातले तीन सूतच की! तिथून हिरवं व्हायला लागलं."

"मग मला सांगायचंत ना!"

"कुठं सांगणार? त्या ग्रुपात तुम्ही एकटेच बोलता. आम्हाला बोलायची सोय नाय."

"निदान सुनीतानं तरी..."

"तिला वाटलं, बापाला बोलणी बसतील. म्हणून तिनं खाल्ली."

मी नाव खोडलं, दुसऱ्या मुलीचं लिहिलं. म्हणजे सुनीता आणखी वर्षभर पाड्यावरच राहणार. मिस्त्रींनी ते मान हलवून ऐकून घेतलं, आणि कामावर परतताना फोन तिच्या हातात ठेवला. जीप सुटायच्या आधी मला म्हणाले, "मला वहीतली द्या थोडी. तिकडं सांजचं करमत नाय आता." मी बॉनेटवर कागद ठेवून पाच गणितं लिहिली, फळ्यांची, त्यांच्या कामातली.

पहिल्या आठवड्यात सुनीताची रोज वीसपैकी चौदा गणितं चुकली, नाव लाल. मी मेसेज धाडला नाही. ती पुढच्या बाकावर येऊन बसू लागली, मी वहीत शिकवू लागलो.

महिन्याभरानं गावी आलेल्या मुकादमाच्या हाती कागद परत आला. चार गणितं बरोबर. तिसऱ्यात मी सहा तुकडे काढायला सांगितले होते, त्यापुढं लिहिलं होतं, 'बारा फुटी फळीतून सव्वादोन फुटांचे सहा तुकडे निघत नाहीत. फळी मोठी द्या.'

मी भर वर्गात कागद सुनीतापुढं धरला. "बघ गं, तुझे बाबा कुठं चुकलेत."

तिनं वाचलं, क्षणभर छताकडं पाहिलं.

"बाबा नाय चुकला, सर. पाचच निघतात. पाऊण फूट उरतं."

मी खडू घेऊन फळ्याकडं वळलो. खात्री करायला मला मांडून बघावं लागलं.