चाखणं बंद

"खोकलू का?" असं विचारून पुंजाजींनी परवानगीची वाट न पाहता खोकून दाखवलं. पोटाच्या मधोमध, जुन्या टाक्यांच्या रेषेवर, एक गोळा टुणकन वर आला. त्यांनी तो हातानं दाबून आत घातला आणि अभिमानानं माझ्याकडे पाहिलं.

"पहिले लिंबाएवढा होता साहेब. आता रोडग्याएवढा हाये."

वऱ्हाडात रोडगा म्हणजे गोवऱ्यांच्या आरावर भाजलेला कणकेचा गोळा. पुंजाजी तेल्हाऱ्याकडचे आचारी. लग्नं आणि भंडारे ही त्यांची कामं. मापंही तिथलीच.

अकोल्यात जठारपेठेत माझं सर्जरीचं क्लिनिक आहे. पुंजाजींचं पहिलं ऑपरेशन मात्र अमरावतीला झालं होतं. नांदगाव पेठच्या एका कारखान्यात पंगतीचं काम चालू असताना त्यांचा अल्सर फुटला. जीव वाचवायला पोट उभं उघडावं लागलं. जड उचलू नका, असं सांगून त्यांना घरी पाठवलं. त्यांनी घरी जाऊन वरणाचा गंज, म्हणजे भलं मोठं पातेलं, उचलला.

अशा वेळी वरची कातडी जुळलेली दिसते, पण खालचा स्नायूंचा थर उसवतो. त्या फटीतून आतडं कातडीखाली येतं. हाच ऑपरेशननंतरचा हर्निया. तो औषधानं जात नाही. पट्ट्यानं आवरतो, बरा होत नाही. ऑपरेशन करावंच लागतं. प्रश्न असतो कधी आणि कसं, एवढाच.

"उद्याच करून टाका," पुंजाजी म्हणाले. "दिवाळीनंतर लग्नं लागते. तवा घरी बसलो, तं दुसरा आचारी घुसते."

"उद्या नाही. आधी वजन कमी करा, तो तंबाखू-सुपारीचा खर्रा सोडा, खोकला थांबवा. नाहीतर मी शिवेन आणि तुम्ही खोकून उसवाल."

"वजन?" त्यांनी पोटावरून हात फिरवला. "साहेब, हा आमचा बोर्ड हाये. बारीक आचाऱ्याले काम कोन देते?"

गोळा आत जात होता, दुखत नव्हता, म्हणून थांबायला हरकत नव्हती. तो कडक झाला, आत जाईना, दुखू लागला किंवा उलट्या झाल्या, तर तडक या, असं बजावलं. तेव्हा आतडं अडकलेलं असतं आणि वजनाची चर्चा करायला वेळ नसतो.

महिन्यानं ते परत आले. खर्रा सुटला होता. खोकला जवळपास गेला होता. वजन वाढलं होतं.

"काय जेवता?"

"एक भाकर. आईची आन."

शेजारी त्यांच्या पत्नी वच्छलाबाई बसल्या होत्या. त्या खिडकीबाहेर पाहत होत्या.

"बाई, खरं आहे का हे?"

"जेवत नाई, हे खरं हाये," त्या म्हणाल्या. "चाखते."

"चाखनं म्हनजे खानं थोडंच हाये!" पुंजाजी उसळले.

चौकशीत निघालं ते असं. वांग्याची भाजी फोडणीनंतर एकदा, शिजल्यावर एकदा आणि वाढण्याआधी एकदा चाखली जाते. नुसती भाजी चाखली तर मीठ कळत नाही, म्हणून सोबत रोडगा लागतो. रोडगा कोरडा, म्हणून त्यावर तूप. मग वरण.

"चाखणं बंद," मी म्हणालो.

"मंग चाखन कोन?"

मी वच्छलाबाईंकडे पाहिलं.

"हिले? हिले भंडाऱ्याचं मीठ समजत नाई."

"अन् घरी इतके वर्सं काय उपाशी होते का तुमी?" बाईंनी विचारलं. विषय तिथेच संपला.

वजन उतरू लागलं. वैद्यकीय दृष्ट्या सगळं ठीक चाललं होतं. मग तेल्हाऱ्याहून एका गृहस्थांचा फोन आला. त्यांच्या मुलीचं लग्न होतं, पुंजाजींना काम दिलेलं होतं. "मानूस निम्मा झाला, डॉक्टर. मोठा आजार तं नाई?"

रुग्णाची माहिती त्याच्या परवानगीशिवाय देता येत नाही, असं मी नियमाप्रमाणे सांगितलं. फोन ठेवला. माझ्या मते प्रकरण संपलं होतं.

दोन दिवसांनी पुंजाजी नंबर न लावता आत आले.

"साहेब, सांगितलं काहून नाई तुमी? गावात म्हनतेत, डॉक्टर सांगून नाई रायले, म्हनजे मोठंच हाये! दोन लग्नं गेली माही!"

"तुमची परवानगी नव्हती."

"परवानगी? अहो, गावभर खोकून दाखवतो मी!"

यावर वैद्यकीय नीतिशास्त्रात उत्तर नाही. मी त्यांच्यासमोरच त्या गृहस्थांना फोन लावला आणि परवानगीनं हर्निया समजावून सांगितला. एक लग्न परत आलं. दुसऱ्या घरी आचारी ठरून गेला होता.

दिवाळी झाल्यावर ऑपरेशन केलं. पुंजाजींना दुर्बिणीचं हवं होतं. पण सीटी स्कॅनमध्ये फट रुंद दिसली. अशा वेळी मी जुन्या रेषेवरच पोट उघडतो, दोन्ही बाजूंचे स्नायू मध्ये आणून शिवतो आणि मागून जाळी बसवतो. जाळी म्हणजे आतून लावलेलं मजबूत ठिगळ. वजन उतरल्यामुळे स्नायू ताण न पडता जुळले. जखम भरली. तीन महिने जड उचलायचं नाही, असं या वेळी मी वच्छलाबाईंना सांगितलं.

परत आलेलं लग्न बाईंनीच पार पाडलं. नंतरची कामंही.

तीन महिन्यांनी तपासताना मी म्हणालो, "खोका." पुंजाजींनी मनापासून खोकून पाहिलं. काहीच वर आलं नाही. ते जरा हिरमुसले.

तेवढ्यात फोन वाजला. पुंजाजींनी खिशात हात घातला. पण फोन वच्छलाबाईंच्या पिशवीत वाजत होता. कामाचाच होता. त्या बोलायला बाहेर गेल्या.

"आता पार्ट्या तिलेच बलावते," ते म्हणाले. "मीठ बरोबर असते म्हनते."

"आणि तुम्ही काय करता?"

"मी गंजापाशी उभा रायतो. ते पन दूरून. चाखू देत नाई."

हे लिहिण्याआधी मी पुंजाजींची परवानगी मागितली. फोटो पण छापसान का, असं त्यांनी विचारलं.

तेव्हापासून मी रुग्णाला काय जेवता असं विचारत नाही. काय चाखता ते विचारतो. तेही त्याला नाही, सोबत आलेल्या माणसाला.