कुंकू सगळ्यांले, संडास मले

मालकीण मॅडमच्या हातात कुंकवाची कोयरी होती. संक्रांतीचं हळदीकुंकू, इकडं हिंदी मुलखात, रिछाईच्या आमच्या शिलाई कारखान्यातच. मशीनवरच्या सगळ्या बायका रांगेत उभ्या, मी बी उभी, पोरगी कडेवर. मॅडम माह्यापाशी आल्या अन् कुंकवाचं बोट मागं घेतलं.

"अगं, सफाईवाली आली नाही. पाहुण्या येतायत. तू जरा संडास धुऊन घे ना. तू तर आपली व्हर्सेटाइल!"

बाकीच्या बायका हिंदीवाल्या, पण 'संडास' अन् 'व्हर्सेटाइल' तेवढं समजलं, हसल्या. "जाओ जाओ, वर्सेटाइल दीदी!"

हा शब्द मॅडमनंच दिला होता. मी कामाले लागली ती कुर्ते शिवायले. मग काज-बटन, मग प्रेस, मग पाहुण्यांचे कप धुणं. दर वेळी हाच शब्द. मी आठवी नापास, एक दिवस विचारलं, म्हणजे काय जी? "म्हणजे, ज्याला सगळं जमतं." मी अशी फुगली ना बाप्पा, घरी जाऊन नवऱ्याले सांगितलं, सासूले सांगितलं, झोपलेल्या पोरीले बी सांगितलं.

अन् आता संडास.

"मॅडम, शकुनले बी सगळं येते. तिले काहून नाही?"

शकुन माह्या बाजूच्या मशीनवरची. मॅडम एकदम हळू बोलल्या, मराठीत, बाकीच्यांले समजू नये म्हणून.

"ती पंडितांची आहे गं. तिला कसं सांगू? तुमच्यात तर हे चालतं."

आमच्यात. माह्या आजीनं जलमभर लोकाइचे संडास धुतले. आईनं झाडू टाकून देला, म्हणून मी मशीनवर बसली.

नवऱ्याचं काम सुटलेलं, पोरीचं दूध याच कामावर, सगळं डोक्यात फिरून राहिलं होतं, तरी तोंडातून निघालंच, अन् मोठ्यानं, हिंदीत निघालं, सगळ्यांले समजावं म्हणून.

"मैं सिलाई करती हूँ। संडास नहीं धोऊँगी।"

आता कोणी हसलं नाही. मॅडम पुढं गेल्या. शकुनले कुंकू लावलं. माहं कपाळ तसंच.

दुसऱ्या दिवशी आली तर माह्या मशीनले झाडू टेकवलेला. कोणी ठेवला, विचारलं नाही. उचलला अन् मॅडमच्या केबिनच्या दाराशी नेऊन ठेवला. परत येऊन बसली. सुईत दोरा जाईना. तिथंच बसून राहिली. ओवला.

काढतील तर काढोत. झाडू जितक्या खेपा माह्याकडं येईन, तितक्या खेपा त्याच दाराशी नेऊन ठेवीन. माह्या पोरीपर्यंत नाही येऊ देत.