मोरगावच्या रांगेत भेटलेली मावशी

आठ वर्षं मी देवळात बसणं टाळलं. तिसऱ्या बाळंतपणानंतर अंग खाली यायला लागलं होतं. पुढे वैरणीचे भारे उचलून ते वाढतच गेलं. खोकलं, शिंकलं की लघवी सुटायची. असल्या अंगाने देवापुढे कसं बसायचं? मालकांनाही मी कधी सांगितलं नाही. देवाकडे एवढंच मागायची, की हे कुणाला कळू देऊ नकोस.

मागच्या वर्षी सून सुखरूप बाळंत झाली, म्हणून पणदऱ्याहून आम्ही दोघं मोरगावला दर्शनाला गेलो. रांगेत मला ठसका लागला आणि साडी मागून ओली झाली. मालक पुढे होते. मी गुपचूप बाहेर निघणार, तोच मागच्या अनोळखी बाईने माझा दंड धरला. साठी उलटलेली असावी. स्वतःची शाल माझ्या कमरेला गुंडाळत तिने हळूच विचारलं, "अंग भाईर येतंय का?"

मी नुसती मान हलवली.

"माझंबी आलं हुतं. बारामतीत आपरेशन केलं. आता बरी हाय."

"मावशी, असल्या अंगानं आत कशी येऊ?"

"लेकरं जन्माला घातली म्हनून झालं हे. देवाला ठावं न्हाय व्हय? चल."

गाभाऱ्यापर्यंत ती माझ्या पाठीशी चिकटून चालली. दर्शन घेऊन शाल द्यायला वळले, तर गर्दीत ती कुठेच दिसेना.

एसटीत मालकांनी विचारलं, "ही शाल कुनाची?" मग मी सगळंच सांगून टाकलं. "येवढी वर्सं एकटीनं सोसलंस," ते एवढंच म्हणाले. त्याच आठवड्यात ते मला बारामतीला घेऊन गेले.

डॉक्टरबाई म्हणाल्या, मूत्राशय खाली सरकलंय. खालच्याच वाटेने टाके घालून ते वर घेतलं आणि लघवी धरावी म्हणून आधाराची पट्टी बसवली. दुसऱ्या दिवशी लघवीची नळी काढली. आता लघवी आपणहून व्हायला हवी होती, नाहीतर पुन्हा नळी. दुपार झाली तरी काही होईना. मी डोळे मिटले. म्हटलं, देवा, हे अंग तुझंच, तूच बघ. थोड्या वेळाने मी मोकळी झाले आणि तिथेच रडू फुटलं.

ती मावशी कोण, मला ठाऊक नाही. मोरगावला दोनदा शोधली, सापडली नाही. इतकी वर्षं मी देवाला हात जोडले ते स्वतःला झाकून. आपलं दुखणंही त्याच्यापुढे उघडं ठेवावं लागतं, हे तिच्यामुळे कळलं. ती भेटली, एवढं मला पुरतं.