कुसुमताईंनी पाठवलंय

आकुर्डीत आमच्या समोरच्या दारात राहणाऱ्या कुसुमताई म्हणजे अर्ध्या पिंपरी-चिंचवडच्या लग्नांतल्या मध्यस्थ. नवऱ्याच्या नोकरीपायी औशाहून इथं आल्या आणि गावाकडून कामाला आलेल्यांच्या पोरापोरींची लग्नं जमवू लागल्या. मुलीचा फोटो त्या कुणाच्या हाती देत नसत. मुलाकडच्यांनी घरी यायचं, ताईंसमोर बसून बघायचा आणि परत द्यायचा. एका मामानं मोबाइलवर फोटोचाच फोटो काढला, तर ताईंनी त्याला पोह्यांच्या बशीवरून उठवला होता.

मग ताईंच्या बहिणीचा मुलगा नवनाथ, वाकडला आयटीत असतो, त्यानं वेबसाइट काढून दिली. आता घरबसल्या फॉर्म भरायचा. फोटो, फोन, जन्मवेळ, मामाचं गाव, सगळं. तो फॉर्म चालवणारा भाग दुसऱ्याच कुणी तयार केलेला, साइटला नुसता जोडलेला. त्याला प्लगइन म्हणतात, एवढं आता मलाही पाठ झालंय.

पितृपंधरवड्यात नवनाथचा फोन आला तेव्हा मी ताईंकडेच मेथी निवडत होते. ताई फोन नेहमी स्पीकरवरच घेतात. "मावशी, फॉर्मच्या प्लगइनमध्ये भोक सापडलंय. पासवर्डशिवाय कुणीही आतली माहिती बघू शकतं. नवीन व्हर्जन आलंय, ते टाकायला हवं."

"पितरांच्या दिवसांत नवं काही बसवत नाहीत रे," ताई म्हणाल्या. "दसऱ्याला ये, जेव आणि टाक."

आणि तो शहाणा 'बरं' म्हणाला! दाराचं कुलूप मोडलंय म्हटल्यावर कुणी मुहूर्त बघतं का? एवढा शिकलेला पोरगा, पण मावशीपुढं शब्द फुटेना.

दसऱ्याला कॉम्प्युटरला हळदकुंकू वाहिलं, झेंडूचा हार घातला आणि नवनाथनं नवीन व्हर्जन टाकलं. ताई निर्धास्त झाल्या.

दिवाळीनंतर एका दुपारी चाकणजवळच्या बन्सीभाऊंचा फोन आला. त्यांची मुलगी तेजल कंपनीत मालाची क्वालिटी तपासायला आहे, तिचा फॉर्म ताईंकडे होता. "ताई, तुमी धाडलेलं स्थळ लई गुणाचं हाय. पोरगी आज वाकडच्या मॉलमधी भेटायला गेलीय त्याला."

ताई म्हणाल्या, "भाऊ, मी कुणालाच पाठवलं नाही."

"आसं कसं? तेजलची जन्मवेळ, तिच्या मामाचं गाव, समदं बरोबर सांगितलं की त्यानं. कुसुमताईंनी पाठवलंय म्हनला."

तशाच आम्ही रिक्षात बसलो. तेजल फोन उचलेना. ताईंनी नवनाथला लावला, तर तो चाचरत म्हणाला, "मावशी, आपण भोक बुजवलं, पण त्याआधीच कुणीतरी सगळे बायोडेटा नेलेत वाटतं."

"बैल गेला अन् झोपा केला," मी ताईंच्या हातातला फोन ओढून त्याला सुनावलं. सगळे म्हणजे किती घरच्या पोरी, ते विचारायची मला भीती वाटली.

तेजल पार्किंगमध्ये सापडली. इस्त्रीच्या शर्टातला एक माणूस तिच्यासाठी गाडीचं दार उघडून उभा होता. त्याच्या घरी आई वाट बघतेय, असं तिला सांगत होता. ताईंनी तेजलचं मनगट धरलं आणि त्याला विचारलं, "कुणी पाठवलं तुला?"

"कुसुमताईंनी," तो म्हणाला. अगदी सरळ, ताईंच्या तोंडावर. त्यानं ताईंना कधी पाहिलंच नव्हतं.

"मीच कुसुम," ताई म्हणाल्या.

तो गाडीत बसला आणि गाडी भरधाव गेली. नंबर मी टिपला, तो पोलिसांना दिलाही. तेजल म्हणाली, "ताई, तुम्हाला फोन करणार होते मी. पण त्यानं तुमचं नाव घेतलं, मग म्हटलं, विचारायचं काय त्यात?"

हे ऐकून ताई तिथंच पायरीवर बसल्या. मग डोळे पुसले आणि एकेका मुलीच्या घरी फोन लावत सुटल्या. पहिला पुनावळ्याला लागला. "मी कुसुमताई बोलतेय. माझं नाव सांगून कुणी आलं, तर दार उघडू नका."

पलीकडून मुलीची आई म्हणाली, "पण तुम्ही कुसुमताईच आहात, हे आम्ही कशावरून समजायचं?"